पेरणाऱ्याची शाई

काल आजीनं लोणच्यासाठी आवळे चिरले, विळीचं पातं काळंनिळं पडलं आणि तुम्ही सगळे ओरडलात, "आजी, विळी गंजली!" गंज तांबूस असतो रे पोरांनो. तो डाग काळा होता, त्याला निळसर झाक होती. तुमच्या डोळ्यांदेखत पात्यावर शाई तयार झाली. आवळ्याचा तुरटपणा आणि विळीचं लोखंड एकत्र आलं की हे होतंच. केळफूल चिरताना होतं, कच्चं केळं कापतानाही होतं. आजीनं पातं चिंचेनं घासलं आणि शाई मोरीत वाहून गेली. पण युरोपात हजार वर्षांहून जास्त काळ राजांची फर्मानं, व्यापाऱ्यांच्या वह्या आणि चित्रकारांची चित्रं ह्याच शाईनं लिहिली-काढली गेली. आज तिचीच गोष्ट सांगतो. तिच्यात हॉलंडचा एक चित्रकार आहे, एक इवलीशी माशी आहे, आपल्या बांधावरची बाभूळ आहे आणि शेवटाकडे आपल्या जालन्याचं बियाणंसुद्धा आहे. जरा लांबची गोष्ट आहे, मांडी नीट घालून बसा.

आधी चित्रकाराकडे जाऊ. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव तुम्ही ऐकलंय, सूर्यफुलांचं चित्र पाहिलंय. सूर्यफुलं फार नंतरची. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी त्यानं ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं, तेव्हा त्याच्याकडे रंग नव्हते, पैसे नव्हते, गुरूही नव्हता. पुस्तकातले नमुने गिरवत तो बसला. १८८१ मध्ये तो आईवडिलांकडे एटन नावाच्या खेड्यात राहायला आला आणि तिथं त्यानं जी माणसं कागदावर काढायला घेतली ती बहुतेक राबणारी होती. फावड्यानं जमीन खणणारा, पेरणारा, चुलीशी बसलेली म्हातारी, शिवण घेऊन बसलेली बाई. त्याच्या आधीपासून हॉलंडात ही वाट पडलेली होती. योझेफ इस्राएल्स कोळ्यांची घरं काढायचा. आंतोन मॉव्ह मेंढपाळ आणि त्यांची मेंढरं काढायचा. तो तर व्हिन्सेंटचा नात्यातला, १८८१ च्या अखेरीला त्यानंच व्हिन्सेंटला रंग कसे हाताळायचे ते दाखवलं. राजे-सरदार सोडून शेतात वाकलेल्या माणसाचं चित्र काढायचं, त्याला कागदाच्या मधोमध जागा द्यायची, हे त्या काळच्या हॉलंडमधल्या चित्रकारांनी मनापासून केलं. मला हे लोक फार जवळचे वाटतात.

मी शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. खणणाऱ्या माणसाचं चित्र काढा म्हटलं की मुलं हात काढतात. हातात कुदळ देतात आणि झालं म्हणतात. व्हॅन गॉगच्या चित्रात बघा, हात नंतर दिसतात. आधी दिसते पाठ. मग फावड्यावर टेकवलेला पाय, त्या पायावर उतरलेला सगळा भार, मागच्या पायाची टाच उचललेली. माणूस जमीन हातानं खणतच नाही, पाठीनं आणि पायानं खणतो. हे कळायला त्यानं तोच माणूस पुन्हापुन्हा काढला. गावातल्या माळ्याला, मजुरांना उभं केलं, त्याबद्दल त्यांना पैसे दिले, आणि चुकला की नवा कागद घेतला.

त्याच्या पेरणाऱ्याचं असंच. १८८१ च्या एप्रिलमधलं त्याचं एक शाईचं रेखाटन आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराचा पेरणारा त्यानं त्यात उतरवून घेतला होता. खांद्याला झोळी, लांब टांग टाकत चाललेला माणूस, हात मागं गेलेला, मुठीतलं बी आता सुटणार. आयुष्यभर त्यानं हा पेरणारा सोडला नाही. पुढं रंगात काढला, पिवळ्या सूर्यासमोर काढला. तुम्ही म्हणाल, आबा, हा माणूस बी फोकून देतोय, आपल्याकडे असं कोण पेरतं? बरोबर आहे. आपल्याकडे तिफण. मृगाचा पाऊस पडला की बैल जुंपायचे, तीन दात्यांच्या तीन ओळी, मागं तुमची पणजी चाड्यावर मूठ धरून चालायची. बोटांच्या फटीतून दाणे असे सोडायची की तिन्ही नळ्यांत सारखे जावेत. मूठ चुकली की पीक उगवल्यावर सगळ्या गावाला दिसायचं. थॉमस हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७९५ च्या सुमारास दक्षिणेत अशी पेरणीची अवजारं पाहिली आणि तो चकित झाला, कारण ओळीत पेरायचं यंत्र हा युरोपचा नवा शोध आहे असं त्याला वाटत होतं. पण पेरणारा कुठलाही असो, त्याच्या हाताला एक लय असते. तिफणीमागं चालणाऱ्या बाईची लय वेगळी, झोळीतून फोकणाऱ्याची वेगळी. चित्रकारानं ती लय पकडायची असते.

पुढं १८८३ च्या डिसेंबरात तो न्यूनेन नावाच्या गावी गेला. तिथं घरोघरी हातमाग होते. अंधाऱ्या खोलीत अख्खी खोली व्यापणारा माग, आणि त्या लाकडाच्या सांगाड्यात अडकल्यासारखा बसलेला विणकर. ह्या विणकरांची त्यानं कितीतरी चित्रं काढली. १८८४ च्या मार्चमध्ये पेनानं काढलेलं एक चित्र मला सगळ्यांत आवडतं. शेंडे छाटलेल्या बर्च झाडांची रांग, झाडांच्या पलीकडे मेंढपाळ आणि त्याची मेंढरं. गाठी आलेले बुंधे आणि त्यांतून फुटलेल्या सरळसोट काड्या. आपल्याकडे धनगरानं पाल्यासाठी छाटलेली बाभूळ पुढच्या वर्षी अशीच दिसते. हजारो बारीक रेघा आहेत त्या चित्रात.

त्या सगळ्या रेघा आज तपकिरी दिसतात. लोक म्हणतात, वा, काय सुंदर तपकिरी शाई! खरं म्हणजे त्यानं काढल्या तेव्हा त्या काळ्या होत्या. त्या तपकिरी का झाल्या हे समजून घ्यायचं तर थेट त्या माशीपर्यंत जावं लागतं.

आजीच्या कपाटातली बाळगुटीची डबी आणा पाहू. ही मुरडशेंग, हे हळकुंड, हे जायफळ, हे वेखंड. आणि हा गोल, कडक, अंगावर टेंगळं असलेला करडा गोळा, हे मायफळ. तुम्हा सगळ्यांना सहाणेवर ह्याचे एकदोन वळसे उगाळून दिलेत. पण हे कुठल्या फुलातून धरलेलं फळ नव्हे, ह्यात बी नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराण ह्या भागांत ओक जातीचं एक झुडपासारखं झाड असतं, त्याच्या कोवळ्या फांदीवर हा गोळा येतो. तो झाडाकडून करवून घेते गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर.

वसंतात झाडाला कळ्या फुटायच्या वेळी ही माशी येते. पोटाच्या टोकाला असलेल्या सुईनं ती कळीला भोक पाडते आणि आत एक अंडं ठेवते. अंड्यातून अळी बाहेर आली की नवल सुरू होतं. त्या कळीतून खरं तर फांदी फुटायची होती, पानं यायची होती. पण अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या रसांमुळे झाडाच्या पेशी आपला ठरलेला मार्ग सोडतात. त्या अळीभोवती गोल गोल वाढू लागतात. आतला थर मऊ, रसाळ, साखर आणि प्रथिनांनी भरलेला. अळी तोच खाऊन मोठी होते. मधला थर लाकडासारखा टणक. आणि बाहेरचा भाग इतका तुरट की कुणी जनावर त्याला तोंड लावणार नाही. झाड स्वतःच्या पानांच्या रक्षणासाठी जे तुरट द्रव्य बनवतं, टॅनिन म्हणतात त्याला, तेच ह्या गोळ्यात भरभरून येतं. चांगल्या मायफळाच्या वजनात निम्म्याहून जास्त टॅनिनच असतं. म्हणजे झाडाची रसद, झाडाचं शस्त्र, आणि राखण होते ती माशीच्या पोराची. झाडाला काही मिळत नाही. अळी पोसते, कोश करते, माशी होते, आणि एक दिवस भिंत कुरतडून एक गोल भोक पाडून उडून जाते.

हे बघा, ह्या मायफळाला भोक आहे. ह्यातली माशी निघून गेली. आणि ह्या दुसऱ्याला नाही; ते जड लागतंय, हातात घेऊन बघा. शाई करणारे लोक बिनभोकाची, निळसर हिरवी मायफळं शोधायचे आणि त्यांना जास्त भाव द्यायचे, कारण माशी निघायच्या आत तोडलेल्या गोळ्यात तुरटपणा जास्त असतो. ज्या मुलुखात ही मायफळं गोळा व्हायची तिथल्या बायकापोरांना न फुटलेला गोळा कुठला आणि फुटलेला कुठला हे लांबून ओळखता येत असणार. हीसुद्धा शेतशिवारातली मजुरीच. हॉलंडमधल्या विणकराच्या चित्रामागं सीरियाच्या डोंगरातली ही वेचणी आहे.

आपल्या शिवारात ओक नाही, पण अशा गाठी आहेत. करंजाच्या पानावर बारीक बारीक फोड आलेले असतात ना? ते रोग म्हणून सोडून देऊ नका. तिथं डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळींनी, म्हणजे कोळ्याच्या नात्यातल्या सूक्ष्म जीवांनी, पानाकडून घरं बांधून घेतलीत. आंब्याच्या पानावरचे टणक फोड एका बारीक चिलटाचे. आणि उंबर फोडला की भुर्रकन उडतात ते किडे? त्यांचंही असंच. उंबराच्या पोटात शेकडो फुलं असतात, त्यांतल्या काही फुलांत माशी अंडी घालते आणि त्या फुलांच्या गाठी होतात. फक्त उंबराचा व्यवहार चोख आहे. ती माशी त्याचे पराग वाहून नेते, म्हणून तो तिला काही फुलं देऊन टाकतो. ओकाच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

आता शाई करू. जालन्याच्या बाजारात काष्टौषधीच्या दुकानात मायफळ मिळतं, तिथंच हिराकस मिळतो. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. तुमच्या काकाकडे तो पोत्यात आहे, फक्त पोत्यावर फेरस सल्फेट लिहिलंय. आपल्या जमिनीत चुनखडी फार, त्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग मोसंबीचं कोवळं पान पिवळं पडतं, नुसत्या शिरा हिरव्या राहतात. सोयाबीनचंही तेच. तेव्हा काका ह्याच हिराकसाची फवारणी करतो. म्हणजे पानाला जे औषध, तेच शाईला हवं. तिसरी वस्तू डिंक. बाभळीच्या खोडाला कोयत्याचा घाव बसला की तिथं पिवळसर थेंब साकळतात, ते काढून आणा. युरोपात हा डिंक आफ्रिकेतून, सुदान आणि सेनेगलकडच्या बाभळींच्या भाऊबंदांकडून जायचा.

मायफळ खलबत्त्यात जाडसर कुटायचं, पाण्यात भिजत ठेवायचं किंवा मंद आचेवर उकळायचं, फडक्यानं गाळायचं. चहासारखा तांबूस काढा मिळतो. त्यात हिराकस टाकला की रंग गढूळ जांभळट होतो. मग डिंक, म्हणजे शाई फुटणार नाही, बोरूच्या टोकाला धरून राहील आणि तिच्यातला काळा गाळ खाली बसणार नाही. झाली शाई. आता बोरू बुडवून एक रेघ ओढा. फिकी आली ना? करडी, जीव नसलेली. थांबा. घाई करू नका. बघत राहा. काळी होतेय. कुणी हात लावला नाही, तरी ती आपली आपण गडद होत चाललीय.

हे काम हवेचं. हिराकसातल्या लोहाचं एक रूप असतं, ते टॅनिनशी जोडी जमवतं पण रंग फारसा देत नाही आणि पाण्यात विरघळलेलं राहतं. म्हणून ही शाई कागदाच्या तंतूंत खोल शिरते. मग हवेतला प्राणवायू त्या लोहाला दुसऱ्या रूपात नेतो आणि हे दुसरं रूप टॅनिनशी मिळून गर्द काळं होतं, पाण्यात न विरघळणारं. तोवर ते कागदाच्या आत जाऊन बसलेलं असतं. वरून पुसून निघत नाही, धुऊन जात नाही. म्हणून तर सरकारी दस्तांना हीच शाई हवी असायची.

आपल्याकडे शाईच्या दोन रीती होत्या. काजळ धरून, डिंकात घोटून केलेली शाई. आणि हिरडा किंवा मायफळात हिराकस घालून केलेली. काजळाची शाई कागदावर नुसती बसते, त्याच्याशी भांडत नाही, आणि शेकडो वर्षं काळी राहते. घनसावंगी तालुक्यातलं जांब तुम्ही पाहिलंय, समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ मध्ये तिथं जन्मलेल्या ह्या माणसानं दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय. अक्षर कसं असावं, बोरू कसे निवडावेत, शाई कशी करावी, पोथी कशी जपावी, सगळं. रामनाम सांगणाऱ्या ग्रंथात शाईला जागा दिली, कारण त्यांना माहीत होतं की शाई बिघडली तर पुढच्यांच्या हाती काहीच पडणार नाही.

आणि हिराकसाची शाई बिघडतेच. तिची खोड तिच्या जन्मातच आहे. हिराकस टाकताना लोहाबरोबर गंधकाचं आम्लही येतं. कागद म्हणजे काय? तुमच्या शेतातला कापूस आहे ना, सरकी काढल्यावर उरतो तो, त्यातलं मुख्य द्रव्य सेल्युलोज. कागदही त्याचाच, जुना युरोपी कागद तर लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, आणि कापसाच्या चिंध्यांपासून व्हायचा. सेल्युलोजचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात. आम्ल त्या साखळ्या एकेका जागी तोडतं. त्यात टॅनिनला पुरून उरलेलं मोकळं लोह असलं की मग विचारूच नका. ते एका रूपातून दुसऱ्यात जातं, पुन्हा पहिल्यात येतं, आणि प्रत्येक फेरीत साखळ्या तोडणारे आणखी तिखट रेणू तयार करतं. स्वतः मात्र खर्च होत नाही. म्हणून चिमूटभर लोह वर्षानुवर्षं कागद खात राहतं. काळा रंगही मोडतो आणि मागं तपकिरी उरतं. दमट हवेत हे आणखी वेगानं होतं. आधी रेघेच्या कडेला तांबूस सावली दिसते, मग कागदाच्या मागच्या बाजूला रेघ उमटते, मग वाकवला की चिरतो, आणि शेवटी जिथं रेघ होती तिथं फट पडते. अक्षर गळून जातं. चित्रातला माणूस गळून जातो. रेम्ब्रांट हा हॉलंडचा दोनशे वर्षं आधीचा चित्रकार, त्यानंही ही शाई वापरली. बाख ह्या जर्मन संगीतकाराच्या हातची स्वरलिपी तर ह्या रोगानं फार पोखरली.

नुसतं आम्ल मारून भागत नव्हतं. कागद चुन्याच्या निवळीसारख्या पाण्यात बुडवला की आम्ल शमायचं, पण मोकळं लोह जागच्या जागी. त्या लोहाला पकडून ठेवणारं काहीतरी हवं होतं, आणि असं की ज्यानं शाईचा रंग जाणार नाही. लोह पकडणारी रसायनं पुष्कळ आहेत, पण ती लोह ओढून बाहेर काढतात, मग शाईच निघून जाते. हॉलंडच्याच एका शास्त्रज्ञानं, योहान नेव्हेल ह्यानं १९९५ मध्ये उपाय मांडला: फायटेट. हे कुठं सापडतं माहीत आहे? बियाण्यात.

ज्वारीचा दाणा घ्या, मक्याचा घ्या, हरभरा घ्या. दाण्यात पिठूळ भाग आहे, अंकुर आहे, आणि त्यांच्याबरोबर हे फायटेटही साठवलेलं आहे. झाडाला वाढायला स्फुरद लागतं. काका पेरताना डीएपी टाकतो ते त्याचसाठी. पण बी जमिनीत पडलं त्या दिवशी त्याला मूळ कुठं असतं? म्हणून आईझाड दाण्याला स्फुरदाची शिदोरी बांधून देतं. दाण्यातल्या स्फुरदाचा मोठा वाटा ह्या फायटेटच्या रूपातच असतो. एका कड्याला स्फुरदाचे सहा गट लावलेले असतात, आणि ह्या सहा गटांना धातू पकडायची जबर सवय. लोह आलं, धर. जस्त आलं, धर. दाणा ओला झाला, अंकुर जागा झाला की आतलं एक विकर ती गाठोडी सोडवतं आणि अंकुराला सगळं मिळतं. आजी मटकीला मोड का आणते? चवीसाठी आणतेच, पण मोड आल्यावर फायटेट कमी होतं आणि मटकीतलं लोह पोटाला लागतं. न भिजवलेल्या दाण्यात ते फायटेटच्या मुठीत अडकून राहतं.

जेवणात जी अडचण, ती कागदावर उपयोगाची. फायटेट मोकळ्या लोहाला असं चहूबाजूंनी धरतं की त्याला फेऱ्या मारताच येत नाहीत. लोह कागदात राहतं, पण त्याचे उद्योग बंद. कागद आधी कॅल्शियम फायटेटच्या पाण्यात ठेवतात, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात, उरलेलं आम्ल शमवायला. हे दुसरं तर आपल्या विहिरीच्या जड पाण्यात आयतंच असतं. पाणी तापवायच्या हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. बाजारातलं फायटेट निघतं भाताच्या कोंड्यातून, मक्यातून. भोकरदन-जाफराबादकडे पिकतो तो मका. उपचाराआधी तपासणीही करतात. औषध लावलेली एक कागदी पट्टी किंचित ओली करून रेघेवर टेकवतात. मोकळं लोह असेल तर पट्टी गुलाबी होते. प्रत्येक चित्राला हे स्नान सोसत नाही. शाईबरोबर जलरंग असले, कागद फारच कमजोर झाला असला तर भिजवणं धोक्याचं, मग कोरड्या, थंड जागी जपून ठेवायचं. पण ज्या हजारो पानांना ते सोसलं ती पानं उभी राहिली.

पोरांनो, हे मला फार मोठं वाटतं. शाई माशीच्या पोराच्या घरातून आली, लोखंडानं काळी झाली, त्याच लोखंडानं कागद खाल्ला, आणि जी मूठ त्या चित्रातला माणूस शेतात फोकतोय तिच्यातल्याच एका द्रव्यानं तसल्या चित्रांना आधार दिला. हॉलंडच्या प्रयोगशाळेत हे सापडलं, पण त्यातलं एकही सामान आपल्याला परकं नाही.

आणि आपण तर बियाण्याच्या गावचे. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी जालन्यात भेंडीच्या पुसा सावनी वाणाचं बी वाढवण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको उभी केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हॉलंडच्या बेजो कंपनीशी भागीदारी करून इथंच बेजो शीतल उभी राहिली, कोबी-गाजराच्या बियाण्याची. म्हणजे हॉलंड आणि जालना ह्यांची ओळख पेरणीतूनच झालेली आहे.

पण बियाणं कंपनीच्या गोदामात तयार होत नाही. ते तयार होतं पांढऱ्या-हिरव्या शेडनेटखाली, आपल्या शेजारपाजारच्या बायांच्या हातात. टोमॅटोचं संकरित बी म्हणजे काय काम आहे बघितलंय का तुम्ही? दुपारनंतर बाया ओळीत शिरतात. मादीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी शोधायची. फार हिरवी नको, पिवळी धमक उमललेली तर मुळीच नको, फिकी पिवळट हवी. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरायची, उजव्या हातातल्या चिमट्यानं पाकळ्या बाजूला करून आतली पुंकेसरांची नळी अलगद उपसायची. मधली सुतासारखी दांडी, स्त्रीकेसर, तिला धक्का लागता कामा नये. ती मोडली की कळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांचे पराग छोट्या डबीत घेऊन पुन्हा तीच ओळ, तीच कळी, आणि स्त्रीकेसराच्या टोकाला परागाचा स्पर्श. खूण म्हणून फुलाखालची हिरवी दलं कात्रीनं थोडी छाटायची. ह्याला त्या क्रॉसिंग म्हणतात. उंबरातली माशी जे काम करते ते ह्या बाया करतात, तेही शेकडो कळ्यांवर, कमरेत वाकून, मान मोडून. पाकिटावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. चिमटा धरणाऱ्या बाईचं चित्र मी अजून कुठं पाहिलेलं नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. न्यूनेनच्या विणकरांचे चेहरे आज जगाला ठाऊक आहेत ते एक माणूस त्यांच्या खोलीत जाऊन बसला म्हणून.

तर असं करा. सध्या ओढ्यापलीकडच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंग चालू आहे. उद्या शाळा सुटली की वही घेऊन जा. आधी मावशींना विचारा, बसू का म्हणून. नको म्हणाल्या तर परत या. बसायला मिळालं तर वाफ्यात पाय टाकू नका आणि झाडाला हात लावू नका. ही शाई नेऊ नका, ती खेळायला ठेवा. पेन्सिल न्या, टू बी किंवा फोर बी. तिचं शिसं म्हणजे कार्बनच, काजळासारखं, ते कागद खात नाही. चेहऱ्यापासून सुरू करू नका, नाहीतर नाकडोळ्यांतच अडकाल. पहिल्यांदा पाठीची रेघ ओढा, मानेपासून कमरेपर्यंत एका दमात. मग दोन्ही पायांवर भार कसा वाटलाय ते बघा. चिमट्याचा हात सगळ्यांत शेवटी, आणि त्यातही कोपर अंगाला टेकलेलं आहे का हवेत आहे हे नीट बघून. त्या एका ओळीत पुढं सरकल्या की तुम्हीही पान उलटा आणि पुन्हा पाठीपासून सुरू करा.